तारखेचा जुना रकाना आणि हरवलेला नोव्हेंबर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवे पुस्तक कधी येणार हे प्रकाशक जाहिरातीत सांगतो आणि वाचक दुकानात जाऊन विचारतो; या दोघांच्या मध्ये आता एक तिसरा टप्पा आला आहे, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांतून फारसे लिहिले जात नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, पृष्ठसंख्या, आयएसबीएन आणि प्रकाशनाची तारीख ही सगळी माहिती प्रकाशकाच्या संगणकातून एका ठरावीक साच्यात बाहेर पडते, विक्रेत्यांच्या आणि ग्रंथालयांच्या यंत्रणांकडे जाते आणि तेथे एखादा प्रोग्रॅम ती वाचून घेतो. असे प्रोग्रॅम लिहिणे हे गेली अनेक वर्षे माझे काम आहे. त्या साच्यातील एकाच लहानशा रकान्याविषयी हे पत्र आहे. तारीख कोणत्या प्रकारे लिहिली आहे हे तो रकाना सांगतो, आणि आता तो 'डेप्रिकेटेड', म्हणजे 'यापुढे वापरू नये' असा ठरवला गेला आहे. विषय तांत्रिक आहे हे मला मान्य आहे, पण त्यातील चुकांचा त्रास ज्यांना होतो ते ग्रंथपाल, विक्रेते आणि लेखक संगणकाच्या क्षेत्रातले नाहीत, म्हणून तो आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

२०२४ च्या डिसेंबरात एका तालुक्याच्या गावातील शासनमान्य वाचनालयाच्या ग्रंथपालांचा आमच्या कार्यालयात फोन आला. वाचनालयाच्या वार्षिक खरेदीची यादी ते करत होते. "मॅडम, तुमच्या यादीत हे पुस्तक १ जानेवारीला निघालं असं दिसतंय. म्हणजे वर्ष होत आलं. विक्रेता म्हणतो, गेल्याच महिन्यात आलं. आम्ही कुणाचं खरं धरायचं?" त्यांनी ते पुस्तक जुने समजून यंदाच्या नव्या पुस्तकांच्या यादीतून जवळजवळ काढलेच होते, विक्रेत्याशी सहज बोलणे झाले म्हणून ते राहिले. मी त्यांना थांबायला सांगितले आणि प्रकाशकाकडून आलेली मूळ नोंद उघडली. तेथे १ जानेवारी कुठेच नव्हती. तारखेच्या जागी फक्त सहा अंक होते, २०२४११, आणि त्याच्या लगेच वरच्या रकान्यात दोन अंक होते, ०१. प्रकाशकाने आपले म्हणणे अचूक सांगितले होते: २०२४ चा नोव्हेंबर, दिवस अजून ठरलेला नाही. आमच्याच प्रोग्रॅमने ते ऐकले नव्हते.

हे कसे घडले ते समजण्यासाठी साच्याची थोडी ओळख करून देते. पुस्तकांच्या व्यापारात माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी जगभर जो साचा चालतो त्याचे नाव ऑनिक्स. लंडनमधील एडिट्यूर ही संस्था तो सांभाळते. त्याची पहिली आवृत्ती २००० साली आली, बराच काळ चाललेली २.१ ही आवृत्ती २००३ साली, आणि ३.० ही आवृत्ती २००९ साली. २.१ मध्ये प्रकाशनाच्या तारखेचा रकाना साधा होता: आठ अंक लिहिले तर वर्ष, महिना, दिवस, सहा लिहिले तर वर्ष आणि महिना, चार लिहिले तर नुसते वर्ष. अंक मोजले की अर्थ कळत असे. ३.० मध्ये मात्र तारखेला स्वतःचा एक छोटा संच मिळाला. त्यात ही तारीख कशाची आहे हे सांगणारा क्रमांक असतो: ०१ म्हणजे प्रकाशनाची, ०२ म्हणजे ज्या दिवसाआधी विक्री करू नये ती, ११ म्हणजे प्रथम प्रकाशनाची. मग ती कोणत्या प्रकारे लिहिली आहे हे सांगणारा क्रमांक, आणि शेवटी खुद्द तारीख. लिहिण्याच्या प्रकारांची एक वेगळी सूची आहे, तिचा क्रमांक ५५. तीत ०० म्हणजे पूर्ण तारीख, ०१ म्हणजे वर्ष आणि महिना, ०२ म्हणजे वर्ष आणि आठवडा, ०३ म्हणजे वर्ष आणि तिमाही, ०४ म्हणजे वर्ष आणि ऋतू, ०५ म्हणजे नुसते वर्ष. त्यापुढे 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे प्रकार आहेत, आणि १२ म्हणजे शब्दांत लिहिलेली तारीख.

हा प्रकार सांगणारा क्रमांक आधी तारखेच्या वर, स्वतंत्र रकान्यात लिहिला जाई. पुढे ठरले की तो तारखेच्याच खुणेला, म्हणजे तारखेचा रकाना ओळखवणाऱ्या टॅगला, गुणधर्म म्हणून चिकटवावा, कारण तारीख आणि तिचा अर्थ अशा दोन गोष्टी दोन ठिकाणी राहिल्या की एक पोचते आणि दुसरी वाटेत गळते. निर्णय योग्यच होता. तेव्हापासून स्वतंत्र रकाना डेप्रिकेटेड झाला. पण ३.० च्या नियमांनुसार तो असलेली नोंद अवैध ठरत नाही. तपासणीच्या साधनांतून ती बिनबोभाट पार होते. प्रकाशकाने काही वर्षांपूर्वी करून घेतलेली यंत्रणा आजही तोच रकाना भरून पाठवत असेल, तर त्याला कुणीही अडवत नाही, आणि म्हणून ती बदलावी असे त्याच्या मनातही येत नाही. त्यातच कित्येक फीड, म्हणजे प्रकाशकांकडून येणाऱ्या नोंदींच्या फायली, आखूड खुणांच्या रूपात येतात. तेथे 'तारखेचा प्रकार' असे शब्द नसतात, नुसते जे-२६० असते, आणि तारखेला बी-३०६. डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला काही कळण्याची शक्यताच नसते.

'डेप्रिकेटेड' या शब्दाचा अर्थ आमच्या क्षेत्रातही फार सैलपणे घेतला जातो, आणि चुकीचे मूळ तेथेच आहे. रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी दोन हजार रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले, पण त्या वैध चलन राहतील असेही त्याच वेळी सांगितले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटांचे जे झाले ते वेगळे होते. डेप्रिकेटेड रकाना हा दोन हजारच्या नोटेसारखा असतो: नव्याने कुणी काढू नये, पण ज्याच्या हातात आहे त्याची किंमत बुडालेली नाही. आमच्या प्रोग्रॅममधील जुना रकाना वाचणाऱ्या ओळी मीच दीड वर्षापूर्वी साफसफाईच्या कामात काढून टाकल्या होत्या. दस्तऐवजात 'वापरू नये' असे लिहिले होते ते पाठवणाऱ्याला उद्देशून होते. मी ते वाचणाऱ्यालाही लागू केले. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीत काही डेप्रिकेटेड घटक खरोखरच वगळले गेले, पण ३.० चे फीड जोवर येत आहेत तोवर ते ३.० च्याच नियमांनी वाचावे लागतात, आणि २.१ ला मिळणारे पाठबळ २०१४ च्या अखेरीस आटोपले असले तरी त्या साच्यातल्या फायलीही कुठून कुठून येतच असतात.

आता नोव्हेंबरचा जानेवारी कसा झाला ते सांगते, कारण हा तपशील माझ्यासारखे काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल. प्रकार सांगणारा क्रमांक वाचलाच नाही, तर नियमाप्रमाणे तारीख ०० प्रकारची, म्हणजे पूर्ण आठ अंकी धरली जाते. आमचा प्रोग्रॅम पायथॉन भाषेत आहे. त्या भाषेतील तारीख वाचण्याच्या नेहमीच्या सोयीला 'चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस' असा साचा दिला, तर ती आधी दोन अंकी महिना घेऊन पाहते. पण दिवसासाठी काही उरले नाही तर मागे येऊन एक अंकी महिना आणि एक अंकी दिवसही चालवून घेते. २०२४११ मधले शेवटचे दोन अंक तिने १ आणि १ असे वेगळे केले. पहिला महिना, पहिला दिवस. १ जानेवारी २०२४. कुठलाही इशारा नाही, कुठलीही त्रुटी नाही. डिसेंबरच्या २०२४१२ चेही असेच होऊन २ जानेवारी निघाली. जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदींत मात्र ही फोड जमतच नाही, कारण त्यांत शून्य येते आणि शून्य महिना किंवा शून्य दिवस नसतो. त्यामुळे त्या दहा महिन्यांच्या नोंदी त्रुटी म्हणून नाकारल्या जात आणि आमचे एक सहकारी त्या रोज सकाळी हाताने दुरुस्त करत. नाकारलेल्या नोंदींची यादी रिकामी झाली की सगळ्यांना काम पूर्ण झाल्यासारखे वाटे. ज्या चुकीने त्रुटी दाखवली ती दुरुस्त झाली. जिने दाखवली नाही ती नेमकी नोव्हेंबर आणि डिसेंबरची, म्हणजे मराठी प्रकाशकांची नवी पुस्तके दिवाळीच्या आसपास मोठ्या संख्येने बाजारात येतात त्या दिवसांची होती.

यावर मला सुचवले गेलेले पहिले उत्तर असे होते की अंक मोजून प्रकार ओळखावा. २.१ च्या काळात वाढलेल्या प्रोग्रॅमांची ही सवयच आहे, आणि तेव्हा ती बरोबर होती. ३.० मध्ये ती टिकत नाही. सहा अंक म्हणजे महिना असेल किंवा आठवडा असेल. २०२४११ हा आठवडा म्हणून वाचला तर तो ११ ते १७ मार्च २०२४ हा आठवडा होतो. नोव्हेंबर आणि मार्च यांत आठ महिन्यांचे अंतर आहे. शेवटचे दोन अंक तेरा किंवा अधिक असले तर तो आठवडाच, हे खात्रीने सांगता येते, पण बारा किंवा कमी असले तर अंकांकडे पाहून काहीच सांगता येत नाही. पाच अंकी २०२४४ म्हणजे २०२४ ची चौथी तिमाही की चौथा ऋतू, हिवाळा? सूचीत १ हा वसंत आणि ४ हा हिवाळा आहे, आणि ज्या देशात सप्टेंबरात वसंत येतो, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलिया, तेथील प्रकाशकाचा वसंत आपला नव्हे. आठ अंकांतही निश्चिंती नाही: १९१०१९१२ ही तारीख नसून १९१० ते १९१२ असा वर्षांचा पल्ला आहे. त्यात 'एकोणिसावा महिना' निघतो म्हणून निदान तेथे प्रोग्रॅम अडखळतो तरी. अंक मोजून केलेला अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो, आणि ज्या थोड्या वेळा तो चुकतो तेव्हा शोधायला कुणी जात नाही.

माझ्या मते वाचण्याचा क्रम पक्का असावा. आधी तारखेला चिकटलेला गुणधर्म पाहावा. तो नसेल तर वरचा जुना रकाना पाहावा. दोन्ही नसतील तरच तारीख पूर्ण आठ अंकी मानावी, आणि मग खरोखर आठच अंक आहेत ना, हे वाचण्यापूर्वी मोजावे; एवढी एक ओळ असती तर आमचा नोव्हेंबर वाचला असता. गुणधर्म आणि जुना रकाना दोन्ही भरलेले असून ते एकमेकांशी जुळत नसतील, तर अंकांच्या लांबीशी जो जुळतो तो घ्यावा, आणि दोन्ही जुळत असतील तर ठरवण्याचा हट्ट न धरता नोंदीवर खूण करून प्रकाशकाला विचारावे. हे पाहणे फक्त प्रकाशनाच्या तारखेपुरते ठेवू नये, कारण हाच जुना रकाना किमतीच्या, पुरवठ्याच्या आणि लेखकाच्या जन्ममृत्यूच्या तारखांनाही लागलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट साठवणुकीची आहे. आमच्याकडच्या, आणि मी पाहिलेल्या इतर अनेक यंत्रणांच्या कोष्टकांत तारखेच्या रकान्यात पूर्ण तारीखच मावते. प्रकाशकाने 'नोव्हेंबर' म्हटले की आम्ही १ नोव्हेंबर लिहितो, 'वर्ष १९६२' म्हटले की १ जानेवारी १९६२ लिहितो, आणि एकदा लिहिले की तो दिवस आपण घातला होता हे कुणालाच आठवत नाही. लेखकाच्या जन्मतारखेचे हेच होते. ज्याचे फक्त जन्मवर्ष माहीत आहे तो १ जानेवारीला जन्मलेला ठरतो, आणि अशा नोंदींतून कुणी दिनविशेष काढला तर त्या दिवशी अनेकांची जयंती निघते. म्हणून प्रकाशकाने पाठवलेले मूळ अंक जसेच्या तसे ठेवावेत, त्याच्याशेजारी प्रकाराचा क्रमांक ठेवावा, आणि त्यावरून त्या काळाचा पहिला आणि शेवटचा दिवस वेगळा काढून ठेवावा. पुस्तक अजून यायचे असेल तर ग्राहकाला शब्द देताना शेवटचा दिवस धरावा; जुन्या पुस्तकांची क्रमवारी लावताना पहिला धरला तरी चालेल. वाचकाला मात्र 'नोव्हेंबर २०२४' असेच दिसले पाहिजे, कारण प्रकाशकाने तेवढेच सांगितलेले असते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे आणि ती कुठल्याही परदेशी नियमपुस्तिकेत सापडणार नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर अनेकदा केवळ शक असतो. अशा पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा 'प्रथम प्रकाशनाची तारीख' या जागी काय लिहायचे? शके १८२६ हे तसेच १८२६ म्हणून लिहिले गेल्याचे मी पाहिले आहे, आणि मग विसाव्या शतकातले पुस्तक मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेच्या काळात जाऊन बसते. दुसरा प्रकार म्हणजे डोळे मिटून ७८ मिळवणे. शके १८२६ हे मार्च १९०४ मधील गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत चालले. पुस्तकावर माघ महिना असेल तर ते १९०५ चे फेब्रुवारी-मार्च आहेत, आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. महिना नसेल तर प्रामाणिक नोंद एकच: १९०४ ते १९०५ असा पल्ला, ज्यासाठी सूची ५५ मध्ये ११ क्रमांकाचा प्रकार आहे. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही शकाचीच आहे, पण तिची वर्षारंभाची तारीख ठरलेली असते आणि ती पंचांगातल्या पाडव्याशी जुळेलच असे नाही, म्हणून सरकारी प्रकाशनांचा शक आणि पंचांगाचा शक एकाच हिशेबाने बदलू नयेत. सूची ५५ मध्ये हिजरी सनासाठी स्वतंत्र क्रमांक आहेत, २० पासून पुढे, शकासाठी नाहीत. पण १२ क्रमांकाचा, शब्दांतील तारखेचा प्रकार आपल्याला मोकळा आहे, आणि 'माघ शके १८२६' किंवा 'दिवाळी २०२४' असे लिहून पाठवणे हे मनाने घातलेल्या १ जानेवारीपेक्षा कितीतरी चांगले, कारण ते वाचून माणूस पुढे विचारू शकतो. अर्थात असे शब्द पोचले, तर ते टाकून न देणारा प्रोग्रॅम दुसऱ्या टोकाला असावा लागतो.

तारीख वाचता आली नाही म्हणून संपूर्ण नोंदच नाकारणे, ही पद्धतही थांबली पाहिजे. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा माणूस लगेच फोन करून विचारतो. वर्षाला चार-सहा पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाला आपले पुस्तक एखाद्या यादीत आलेच नाही हे कळतही नाही. तो समजतो की मागणी नाही. एका रकान्यापायी लेखकाचे नाव, किंमत, आयएसबीएन हे सारे बाजूला टाकण्याचे काहीच कारण नाही. तारीख रिकामी ठेवावी, बाकीची नोंद घ्यावी.

प्रकाशकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या संगणक पुरवठादाराला एकच प्रश्न विचारावा: आमच्या फीडमध्ये तारखेचा प्रकार वेगळ्या रकान्यात जातो की तारखेबरोबर? वेगळ्या रकान्यात जात असेल तर तो बदलून घ्यावा. हे काम लहान आहे. बदल होईपर्यंत दिवस ठरलेला नसताना उगाच '०१' घालून आठ अंक पूर्ण करू नयेत, आणि दिवस ठरला की नोंद पुन्हा पाठवावी, कारण आमच्या त्या पुस्तकाची तारीख छापखान्यातून पुस्तक बाहेर पडल्यावरही सहाच अंकांची राहिली होती. प्रकाशकांच्या आणि ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनांनी शकाची आणि दिवाळीची तारीख कशी पाठवायची याचे एक पानी टिपण मराठीत काढले, तर प्रत्येक कार्यालयाला आपापला नियम बनवावा लागणार नाही. असे टिपण तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन.

आमच्याकडे जुना रकाना वाचणाऱ्या ओळी त्याच आठवड्यात परत आल्या. मागच्या दीड वर्षातील नोंदी मूळ फायलींवरून पुन्हा वाचून घेतल्या, आणि ज्यांच्या तारखा बदलल्या त्यांची यादी संबंधित वाचनालयांना पाठवली. त्या ग्रंथपालांनी ते पुस्तक यंदाच्या खरेदीत घेतल्याचे पोस्टकार्डाने कळवले.

कळावे,
आपली विश्वासू,
ग्रंथनोंदींच्या संगणकीय कामातील एक वाचक, पुणे